एकाच चाकातून धूर का निघतो? स्पोर्ट्स कारसाठी एलएसडी निवडण्याआधी हे समजून घ्या

हे रील बहुतेकांनी पाहिलेलं असतं. भारी गाडी, भारी आवाज. सिग्नल सुटतो, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो आणि एकाच चाकातून धूर निघायला लागतो. दुसरं चाक जवळजवळ निवांत. तोपर्यंत शेजारची साधी हॅचबॅक पुढे निघून गेलेली असते. खाली कमेंट ठरलेली, "भावा, एलएसडी बसव."

इथे एलएसडी म्हणजे अमली पदार्थ नव्हे. एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. इंजिनची ताकद दोन चाकांत वाटून देणारा आणि एक चाक जागेवर फिरायला लागलं तर त्याला आवर घालणारा गिअरचा संच.

कमेंटमधला सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कारण एलएसडी ही एक वस्तू नाही. तिचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे. चुकीचा प्रकार बसवला तर पैसे तर जातातच, वर पावसाळ्यात घाटातल्या वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर जाऊ शकतो. म्हणून खरा प्रश्न "एलएसडी बसवू का?" हा नाही. "माझी गाडी कुठे आणि कशी चालते, आणि तिला कोणता एलएसडी लागतो?" हा आहे.

आधी साधं डिफरन्शियल बघू

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? समजा दोन चाकांमध्ये १.५ मीटर अंतर आहे. तर एका पूर्ण यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त धावतं. वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो.

दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर घासत गेलं असतं. यावरचं उत्तर म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. दोन्ही चाकांना ताकद मिळते, तरी दोन्ही वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. आजही बहुतेक गाड्यांमध्ये हीच कल्पना आहे.

पण यात एक अडचण आहे. "साधं डिफरन्शियल सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला देतं," असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देतं. म्हणजे पिळाचा जोर सारखाच असतो. आणि हा जोर किती असणार, हे ज्या चाकाची पकड कमी आहे ते ठरवतं.

आकड्यांत बघू. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूला जातो, त्यामुळे आतलं चाक हलकं होतं. समजा आतलं चाक फक्त १०० न्यूटन मीटर टॉर्क पेलू शकतं आणि बाहेरचं ४००. साधं डिफरन्शियल आतल्याला १०० देईल आणि बाहेरच्यालाही १००. एकूण २००. बाहेरच्या चाकात अजून ३०० ची पकड शिल्लक असूनही ती वापरताच येत नाही. ॲक्सिलरेटर आणखी दाबला की आतलं चाक जागेवर फिरायला लागतं. रीलमधला धूर तो हाच.

शेतकऱ्याला हे आधीच माहीत आहे

हा सगळा खेळ ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. ओल्या रानात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की चालक डिफरन्शियल लॉक दाबतो. दोन्ही मागची चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण वळायच्या आधी तो लॉक सोडावाच लागतो. नाहीतर ट्रॅक्टर सरळच जायला बघतो आणि गिअरवर ताण येतो.

साधं डिफरन्शियल म्हणजे लॉक पूर्ण सुटलेला. लॉक दाबला म्हणजे दोन्ही चाकं पूर्ण बांधलेली. एलएसडी या दोन टोकांच्या मधली जागा धरतो. गरज असेल तेवढंच बांधायचं, वळताना सोडायचं, आणि हे सगळं आपोआप, वेगात असताना करायचं.

महिंद्रा थारसारख्या गाडीत मिळणारं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल हे ट्रॅक्टरच्या लॉकच्या जवळचं आहे. चिखलातून, दगडधोंड्यांतून कमी वेगात बाहेर पडण्यासाठी ते उत्तम. पण वेगात वळण घेणाऱ्या स्पोर्ट्स कारचं काम वेगळं असतं.

सुरुवात रेसिंगमधून झाली

१९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी जर्मनीच्या ऑटो युनियनसाठी ग्रां प्री रेसिंग कार बनवली. १६ सिलिंडरचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या मागे. ताकद इतकी की त्या काळचे अरुंद टायर ती पेलू शकत नव्हते आणि वळणातून बाहेर पडताना चाक जागेवर फिरत राहायचं. १९३५ मध्ये पोर्शे यांनी झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीकडे यावर उपाय मागितला. त्यातून जे डिफरन्शियल तयार झालं, तिथून स्पोर्ट्स कारमधल्या एलएसडीची गोष्ट सुरू होते.

प्रकार किती आणि फरक काय?

१. क्लच-प्लेटचा एलएसडी. यात डिफरन्शियलच्या आत चकत्यांचा थर असतो. ॲक्सिलरेटर दाबला की उतरत्या खाचांमुळे या चकत्या एकमेकांवर दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं एकमेकांशी बांधली जातात. काही जोर स्प्रिंगने आधीपासूनच दिलेला असतो, त्याला प्रीलोड म्हणतात. याचा मोठा फायदा म्हणजे तो हवा तसा सेट करता येतो. एक चाक हवेत उचललं गेलं तरी प्रीलोडमुळे दुसऱ्या चाकाला थोडी ताकद मिळत राहते. तोटा असा की चकत्या झिजतात. काही वर्षांनी, आणि ट्रॅकवर वापर असेल तर त्याआधीच, डिफरन्शियल खोलून त्या बदलाव्या लागतात. ऑईल खास लागतं आणि वेळेवर बदलावं लागतं. पार्किंगमध्ये हळू वळताना कटकट आवाज येऊ शकतो.

२. हेलिकल किंवा टॉर्सन. यात चकत्या नसतात, फक्त तिरक्या दातांचे गिअर असतात. एक चाक घसरायला लागलं की हे गिअर आपल्याच दाबाने घासतात आणि जास्त टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. टॉर्सन हे ब्रँडचं नाव, 'टॉर्क सेन्सिंग'वरून आलेलं. अमेरिकेच्या व्हर्नन ग्लीसमन यांची ही कल्पना. ब्रिटनच्या क्वेफ कंपनीचं एटीबी हेही याच कुळातलं. वागणं मऊ, आवाज नाही, झिजणाऱ्या चकत्या नाहीत. म्हणून रोजच्या वापराच्या गाडीत हा प्रकार जास्त दिसतो. टोयोटा जीआर ८६ मध्ये टॉर्सन आहे, होंडा सिव्हिक टाइप आर मध्ये हेलिकल.

वरचंच उदाहरण घ्या. या डिफरन्शियलचं टॉर्क बायस रेशो २.५ असेल, तर आतल्या चाकाने १०० पेलल्यावर बाहेरच्याला २५० पर्यंत मिळू शकतात. एकूण ३५०. साध्या डिफरन्शियलमध्ये हाच आकडा २०० होता. इंजिन तेच, टायर तेच.

पण हा गुणाकार आहे, हे विसरायचं नाही. आतलं चाक पूर्ण हवेत गेलं की त्याची पकड शून्य. शून्याला २.५ ने गुणलं तरी शून्यच. अशा वेळी साधा हेलिकल जवळजवळ साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो.

३. व्हिस्कस. यात घट्ट सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या असतात. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की तेल विरोध करतं. स्वस्त आणि मऊ, पण प्रतिक्रिया उशिरा, म्हणजे चाक घसरल्यावरच. वर्षं जातात तसं तेलाचं काम कमी होत जातं. जुनी गाडी घेताना ब्रोशरमध्ये एलएसडी लिहिलेला असेल आणि तो व्हिस्कस असेल, तर तो आता कितपत काम करतो हे तपासूनच घ्यावं.

४. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा एलएसडी. यात चकत्या असतात, पण किती दाबायच्या हे संगणक ठरवतो. स्टिअरिंग, वेग, ब्रेक सगळं बघून तो क्षणाक्षणाला निर्णय घेतो. फेरारीने २००४ च्या एफ ४३० मध्ये ई-डिफ दिलं. ह्युंदाई आय ३० एन आणि आठव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय यांत पुढच्या चाकांसाठी अशी व्यवस्था आहे. वागण्यात हा सर्वांत हुशार. पण तो बाहेरून आणून बसवायचा प्रकार नाही. गाडीच्या सेन्सर आणि सॉफ्टवेअरशी तो जोडलेला असतो. हवा असेल तर तशी गाडीच घ्यावी लागते.

नाव एलएसडीसारखं, काम ब्रेकचं

अनेक गाड्यांच्या ब्रोशरमध्ये "इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक" असं लिहिलेलं असतं. नाव ऐकून वाटतं की आत काहीतरी लॉक होतंय. बहुतेक वेळा डिफरन्शियल साधंच असतं. जे चाक घसरतंय त्याला संगणक हळूच ब्रेक लावतो. ब्रेकमुळे त्या चाकाचा विरोध वाढतो आणि दुसऱ्या चाकालाही जास्त टॉर्क मिळतो.

रोजच्या रस्त्यासाठी ही युक्ती चांगली आहे आणि बऱ्याच लोकांना तेवढी पुरते. पण यात ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. चेन्नई किंवा कोईम्बतूरच्या ट्रॅकवर लागोपाठ लॅप मारल्या तर ब्रेक तापतात. खरा एलएसडी आणि ही व्यवस्था यात गोंधळ नको, विशेषतः सेकंडहँड गाडीला "एलएसडी आहे" म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर.

वन-वे, टू-वे आणि दीड-वे

क्लच-प्लेटचा एलएसडी घ्यायला गेलं की हे शब्द कानावर पडतात.

वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर बांधतो. पाय काढला की मोकळा. त्यामुळे वळणात शिरताना गाडी सहज वळते.

टू-वे ॲक्सिलरेटर दाबला तरी बांधतो आणि पाय काढला तरी बांधतो. ब्रेक मारताना मागचा भाग स्थिर राहतो, पण गाडी वळायला नाराज असते. ड्रिफ्टिंग करणाऱ्यांना दोन्ही चाकं सतत एकत्र फिरायला हवी असतात, म्हणून त्यांची पसंती याला.

दीड-वे, म्हणजे १.५ वे, या दोन्हींच्या मधला. पाय काढल्यावरही बांधतो, पण कमी जोराने. मागची चाकं चालवणाऱ्या आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी बरेच जण इथे थांबतात.

ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांनी एलएसडीच्या सेटिंगमध्ये तीन आकडे पाहिलेले असतात. इनिशियल टॉर्क म्हणजे प्रीलोड. ॲक्सिलरेशन सेन्सिटिव्हिटी म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर किती बांधायचं. ब्रेकिंग सेन्सिटिव्हिटी म्हणजे पाय काढल्यावर किती. तिसरा आकडा अगदी कमी केला की वन-वे, दुसऱ्याइतका वाढवला की टू-वे. गेममध्ये हे फुकट बदलता येतं. खऱ्या गाडीत त्यासाठी डिफरन्शियल बाहेर काढावं लागतं.

कोणत्या गाडीला कोणता?

पुढची चाकं चालवणारी गाडी: इथे तीच चाकं गाडी वळवतात आणि तीच ओढतात. एलएसडीने जोराने बांधलं तर स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं. म्हणून रस्त्यासाठी हेलिकल हा सर्वांत सोयीचा पर्याय. क्लच-प्लेटचाच घ्यायचा असेल तर वन-वेकडे कल असतो. अशा गाड्यांत वळणावर बऱ्याचदा मागचं आतलं चाक हवेत जातं, पण ते गाडीला ओढतच नसतं. त्यामुळे हेलिकलची 'शून्याची' अडचण इथे क्वचितच येते.

मागची चाकं चालवणारी गाडी: रस्ता आणि कधीतरी ट्रॅक असेल तर हेलिकल किंवा सौम्य १.५ वे. ट्रॅकवर सतत, कर्बवर चाक उचलणारी गाडी असेल तर क्लच-प्लेट. फक्त ड्रिफ्ट असेल तर टू-वे.

चारही चाकं चालवणारी गाडी: इथे पुढे, मागे आणि मध्ये अशी तीन ठिकाणं असतात. टोयोटा जीआर यारिसच्या सर्किट पॅकमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे टॉर्सन आहेत. एका ठिकाणी बदल केला की बाकीच्यांचं वागणं बदलतं, म्हणून इथे अंदाजाने काही करू नये.

एकाच गाडीची तीन उत्तरं

"सर्वांत चांगला एलएसडी कोणता?" याला एकच उत्तर का नाही, हे माझदा एमएक्स-५ या छोट्या, मागची चाकं चालवणाऱ्या दोन सीटच्या गाडीवरून कळतं. १९८९ मध्ये आलेल्या १.६ लिटरच्या पहिल्या मॉडेलला व्हिस्कस एलएसडी मिळायचा. १.८ लिटरचं इंजिन आल्यावर १९९४ च्या मॉडेलपासून टॉर्सन आला. आणि २०२४ च्या मॉडेलला माझदाने असिमेट्रिक एलएसडी दिला. यात ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर बांधण्याचा जोर वेगवेगळा असतो. वळणात शिरताना, वेग कमी होत असताना गाडी स्थिर राहावी हा त्यामागचा हेतू.

यातल्या कुठल्याच गाडीची ताकद २०० हॉर्सपॉवरपर्यंतही जात नाही. तरी कंपनीने तीनदा वेगळा विचार केला. म्हणजे मुद्दा फक्त ताकदीचा नाही. गाडीने वळताना कसं वागावं, याचा आहे.

पावसात काय होतं?

हा भाग रीलमध्ये कोणी सांगत नाही. एलएसडी म्हणजे जास्त पकड, असा समज आहे. एलएसडी पकड तयार करत नाही. असलेली पकड वापरायला मदत करतो.

मागची चाकं चालवणारी, साधं डिफरन्शियल असलेली गाडी ओल्या ताम्हिणी घाटात वळताना जास्त ॲक्सिलरेटर दिला, तर आतलं चाक जागेवर फिरतं आणि गाडीचा जोर कमी होतो. त्रास होतो, पण बाहेरच्या चाकाची बाजूची पकड शाबूत असते. तेच चाक गाडीचा मागचा भाग रस्त्यावर धरून ठेवतं.

आता त्याच गाडीत ड्रिफ्टसाठी सेट केलेला कडक टू-वे आहे असं समजा. दोन्ही चाकं बांधलेली. पकड सुटली की दोन्हींची एकदम सुटते. मागचा भाग धरून ठेवायला काहीच उरत नाही आणि गाडी गोल फिरते. कडक एलएसडीमुळे ब्रेक मारतानाही दोन चाकं एकमेकांवर परिणाम करतात. त्यामुळे एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलला प्रत्येक चाक वेगळं सांभाळणं अवघड जाऊ शकतं.

म्हणून ज्या गाडीत कुटुंब बसतं आणि जी पावसाळाभर चालते, तिच्यात "सर्वांत कडक तो सर्वांत भारी" हा हिशोब करू नये.

पैसे घालण्याआधी हे तपासा

पहिलं, टायर. झिजलेले किंवा साधे टायर असतील तर चांगले टायर आणि नीट व्हील अलाइनमेंट याने पडणारा फरक आधी बघा. त्यानंतरही वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरत असेल, तर एलएसडीचा विचार करा. फक्त सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं फिरत असतील तर एलएसडीचा उपयोग नाही. कमतरता टायरची आहे.

दुसरं, मजुरी. मागच्या डिफरन्शियलमध्ये एलएसडी बसवताना क्राऊन आणि पिनियनमधलं अंतर मोजून जुळवावं लागतं, बेअरिंगवर योग्य दाब द्यावा लागतो. हे चुकलं तर आधी घूं घूं आवाज येतो आणि मग दात जातात. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत तर गिअरबॉक्सच उतरवून उघडावा लागतो. म्हणून भागाच्या किमतीत बेअरिंग, सील, ऑईल आणि मजुरी धरूनच हिशोब करा. गिअरबॉक्स उघडलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्यावी.

तिसरं, ऑईल. एलएसडीच्या कंपनीने सांगितलंय तेच वापरा. क्लच-प्लेटच्या एलएसडीत चुकीचं ऑईल गेलं तर तो कटकटतो किंवा घसरतो.

चौथं, सेकंडहँड एलएसडी किंवा गाडी. गाडी सपाट जागी जॅकवर उचलून स्टँडवर नीट टेकवा, ताकद मिळणारी दोन्ही चाकं हवेत ठेवा, गिअर न्यूट्रलला आणि त्या चाकांचा ब्रेक मोकळा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शियल साधं आहे किंवा क्लच-प्लेट संपल्या आहेत. त्याच दिशेने फिरलं तर क्लच-प्लेटचा एलएसडी जिवंत आहे. टॉर्सन मात्र या परीक्षेत साध्यासारखाच वागू शकतो, त्यामुळे त्याची खात्री मॉडेलच्या माहितीवरून करावी.

पाचवं, वॉरंटी आणि विमा. नव्या गाडीत बाहेरचा एलएसडी बसवला की गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या वॉरंटीवर प्रश्न येतो. गाडीतला बदल विमा कंपनीला आधीच लेखी कळवलेला बरा, क्लेमच्या वेळी वाद नको.

मग निवडायचं काय?

रोज ऑफिसला, वीकेंडला घाटात आणि वर्षातून एकदोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा हेलिकल पुरतो. ट्रॅक हाच छंद असेल आणि दर मोसमात डिफरन्शियल उघडायची तयारी असेल, तर क्लच-प्लेट. ड्रिफ्टची गाडी वेगळी ठेवलेली असेल, तर टू-वे. आणि गाडी फक्त रस्त्यावर, शांतपणे चालत असेल, तर चांगले टायर घ्या आणि उरलेले पैसे पेट्रोलला ठेवा.

पुढच्या वेळी "एलएसडी बसव" ही कमेंट दिसली, की त्याखाली एकच प्रश्न विचारा. "कोणता, आणि कशासाठी?" याचं उत्तर ज्याच्याकडे असेल, त्याचाच सल्ला ऐका.